मानेपाशी रबर

सातारा, शनिवार रात्र. बाहेर पाऊस.

भाचा हसला, एवढंच. रामसे बंधूंचा जुना भुताचा सिनेमा लावला होता. तळघराचं दार कुरकुरलं, तो हिरवट चेहरा पुढं आला आणि हा म्हणतो, "मामा, मानेपाशी बघ की, रबर दिसतंय." दिसत होतं. ताई आतून म्हणाली, "ह्याला घाबरायचास होय रे तू?" त्यावर काय बोलणार.

हसला त्याचं काही नाही. मीही घाबरलो नाही, ते खातंय.

मुखवटा असाच असतो, हे काही आज कळलेलं नाही. फोम लॅटेक्सचा, म्हणजे फुगवलेल्या मऊ रबराचा तुकडा कडेकडेला कागदासारखा पातळ करत नेतात, स्पिरिट गम नावाच्या डिंकानं कातडीला चिकटवतात, सांध्यावर रंग थापतात. दिवे तापतात, नटाला घाम येतो आणि ओठांपाशी, मानेपाशी कड आधी सुटते, कारण तिथली कातडी सतत हलते. म्हणून समोरून उजेड टाकायचाच नाही. खालून नाहीतर मागून, दिव्यापुढं निळा जिलेटिनचा पारदर्शक कागद लावून, मान अंधारात. पुढचं काम व्हीएचएसनं, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटनं केलं. आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा, त्यात भाड्यानं फिरून घासलेली कॅसेट. सुटलेली कड दिसणार कुठून? उरलेला चेहरा बघणाऱ्यानं मनातच पुरा करायचा, आणि मन रबर वापरत नाही.

आता प्रिंट धुऊनपुसून चकचकीत केलीय. सगळ्यात जास्त मार रात्रीला बसलाय. दिवसा उन्हात शूट करायचं, एक्स्पोजर दोनेक स्टॉप कमी, म्हणजे फिल्मवर उजेड बराच कमी पाडायचा, निळा फिल्टर, आभाळ फ्रेमबाहेर, की झाली रात्र. ही कॉपी उजळ केली की झाडाखालची काळीकुट्ट सावली लगेच चुगली करते: दुपारचे दोन वाजलेत. चेटकीण दुपारी फिरतेय म्हटल्यावर पोरगं हसणारच.

आणि मी? माझं काय झालं? वय झालं म्हणावं तर पावसात पत्रा वाजला की अजून दचकतो. पडद्यावरचीच भीती तेवढी कुणीतरी उचलून नेली. एवढी वर्षं जपलेली एकच चैन, तीही गेली म्हणायची.

पुसेगावच्या यात्रेतला तंबू आठवला. एकच प्रोजेक्टर, म्हणजे रीळ संपलं की अंधार. 35 मिमीची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, 2000 फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत जातात, मधलं अंतर वेळेवर सारखं केलं नाही तर उजेड पिवळा पडतो आणि भूत उगाच आजारी दिसतं. भोंग्यातून जाड आवाज येतच नाही, किंकाळी मात्र कानात घुसते. यातलं एकही दिग्दर्शकानं ठरवलेलं नव्हतं.

धुक्याचं मात्र ठरवलेलं असतं. कोरडा बर्फ उणे 78 अंशांचा, त्याचं धुकं जड, जमिनीलगत सरपटतं. ग्लायकॉलचं द्रव तापवून केलेलं धुकं वर चढून दिव्याच्या झोतात अडकतं. कबरीला पहिलं, खिडकीला दुसरं. रामसेंचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' (1972) आपल्या महाबळेश्वरात शूट झाला. पावसाळ्यात तिथं धुकं फुकट मिळतं, पण ते कुणाचं ऐकत नाही, शॉटच्या मध्येच निघून जातं.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं, तासभर मी भुताकडं बघतच नव्हतो. दिवा कुठं ठेवलाय ते शोधत होतो. मजा येत होती की! म्हणजे प्रेम शिल्लक आहे, फक्त घाबरण्याचं खातं बंद. असो.

तरी एक प्रयोग करायचाय. आपल्या टीव्हीवर 'व्हिव्हिड' हा भडक चित्राचा मोड चालू आहे, तो काळ्याचा राखाडी करतो. वर मोशन स्मूदिंग: सेकंदाच्या 24 फ्रेममध्ये टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसडतो आणि हवेलीची सासू-सुनेची मालिका होते. दोन्ही बंद. 'सिनेमा' मोड, ब्राइटनेस खाली, ट्यूबलाइट बंद, मोबाईल फ्रिजवर. नाहीच घाबरला तर 'तुंबाड' हा नवा भुताचा सिनेमा आहे. ताई म्हणते, सोमवारी शाळा बुडाली तर बाईंना उत्तर तू द्यायचं.