प्लायचं मॉड्यूलर फर्निचर, ग्रासहॉपर आणि काय काय बदलू द्यायचं

पॅरामेट्रिक फर्निचर, म्हणजे आकडे बदलले की कम्प्युटरवर आकार आपोआप बदलतो असं फर्निचर, म्हणून सर्च मारला की सगळीकडे त्याच लाटा दिसतात. प्लायच्या उभ्या पट्ट्या एकामागे एक लावून केलेला बाक नाहीतर रिसेप्शनचा काउंटर, प्रत्येक पट्टी वेगळी, फोटोत एकदम भारी. त्यातली धूळ कोण पुसणार हा प्रश्न सोडून देऊ, पण शीटमधून किती माल वाया गेला ते कुणी दाखवत नाही, आणि उद्या मधली एखादी पट्टी तुटली तर तीच पट्टी परत कापून मिळणार कुठे हे पण कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर कम्प्युटेशनल डिझाइनचा, म्हणजे नियम लिहून कम्प्युटरकडून ड्रॉइंग काढून घेण्याचा, खरा उपयोग अगदी बोअरिंग जागी आहे, म्हणजे साध्या चौकोनी कपाटात. का, ते सांगतो.

१८ मिमीचा प्लाय १८ मिमी नसतो, हे काम केलेल्या कुणालाही माहितीये. कॅलिपर लावला की कधी १७.३, कधी १७.६, आणि एकाच शीटच्या दोन टोकांना पण फरक निघतो. वर मायका चढवला की जाडी परत बदलते. आता कपाटाच्या ड्रॉइंगमधे ही जाडी किती ठिकाणी लपलेली असते बघा, आतली रुंदी म्हणजे बाहेरची रुंदी वजा दोन जाड्या, मागच्या फळीची खाच, शेल्फची लांबी, ड्रॉवरची पेटी, सगळीकडे तीच. हाताने काढलेल्या ड्रॉइंगमधे प्रत्येक ठिकाणी १८ टाईप केलेलं असतं आणि माल आल्यावर सगळं एकेक करून बदलत बसायचं, एक तरी राहतंच. ग्रासहॉपरमधे (आकडे आणि नियम जोडून ड्रॉइंग तयार करणारं सॉफ्टवेअर) किंवा अगदी साध्या पायथन स्क्रिप्टमधे (तेच काम करणारा छोटा प्रोग्रॅम) जाडी हा एकच आकडा एकाच जागी ठेवायचा, आलेला माल मोजायचा, आकडा टाकायचा, बाकी सगळं आपोआप सरकतं. खाचेतली ढील वेगळा आकडा म्हणून ठेवायची, जाडीत मिसळायची नाही, कारण ढील मशीनवर आणि बिटवर (मशीनच्या कापणाऱ्या पात्यावर) अवलंबून असते, मालावर नाही.

आणि बिटवरून आठवलं, सीएनसीचा, म्हणजे कम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनचा, बिट गोल फिरतो त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही. ६ मिमीचा बिट असेल तर कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहणारच, आणि चौकोनी कुसू (खाचेत बसणारं टोक) तिथे बसायला गेलं की अडतं. म्हणून कोपऱ्यात थोडं जास्त खोदतात, डॉगबोन म्हणतात त्याला. काही लोकांना तो गोल खड्डा दिसायला आवडत नाही, मला चालतो, वस्तू कशी कापली ते कळतं. पण आवडो न आवडो, प्रत्येक खाचेला हाताने डॉगबोन काढणं हे माणसाचं काम नाही, ते स्क्रिप्टला द्या.

आता शेल्फ. स्लायडर, म्हणजे स्क्रीनवर आकडा कमीजास्त करायची सरकपट्टी, हातात आला की माणूस रुंदी ताणतो, ६०० छान दिसतंय, ९०० अजून मोकळं वाटतंय. पण सारखा भार पसरलेल्या शेल्फचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ६०० चं ९०० केलं तर झोळ साधारण पाचपट, १२०० केलं तर सोळापट. बरं जाडी वाढवू म्हणाल तर कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, १८ ची २५ मिमी केली की जेमतेम २.७ पट. म्हणजे हिशोब जुळत नाही. त्यात पुस्तकांसारखा कायमचा भार असेल तर लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू अजून वाकत राहतं. मग स्क्रिप्टमधे नियमच घालायचा की रुंदी अमुक एका मापाच्या वर गेली की मधे उभी फळी आपोआप येईल, तुम्हाला आवडो न आवडो. पॅरामेट्रिक म्हणजे सगळं बदलता येतं असं लोकांना वाटतं, मला तर उलट वाटतं, काय बदलू द्यायचं नाही हे ठरवण्यातच अर्धं डिझाइन संपतं.

याचं सगळ्यात जुनं आणि अजूनही चालणारं उदाहरण म्हणजे ३२ मिमी सिस्टिम. बाजूच्या फळीवर ५ मिमीची भोकं, दोन भोकांमधे ३२ मिमी, पुढच्या कडेपासून पहिली ओळ ३७ मिमीवर. एकाच वेळी ओळीने भोकं पाडणाऱ्या मशीनमुळे हा आकडा रुळला आणि मग बिजागरीची प्लेट, ड्रॉवरचं चॅनल, शेल्फची पिन सगळ्यांनी तोच धरला. त्यामुळे माझ्या स्क्रिप्टमधे कपाटाच्या उंचीचा स्लायडर मिलिमीटरने हलतच नाही, ३२ च्या पायरीने उडी मारतो. वर आणि खाली पहिल्या भोकापर्यंतचं अंतर सारखं ठेवलं तर अजून एक गंमत होते, डावी फळी उलटी फिरवली की उजवी होते. दोन पार्टचा एक पार्ट झाला. खोलीभर कपाटं असतील तर हा फायदा किती मोठा आहे याचा अंदाज असेंब्लीला बसल्यावर येतो.

पार्टचे प्रकार कमी करण्याचं हे वेड कम्प्युटरच्या फार आधीचं आहे. थोनेट या फर्निचर कंपनीची १८५९ ची १४ नंबरची खुर्ची घ्या, लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू, २ नट, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. १९२६ चं फ्रँकफर्ट किचन, मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांचं, तेच छोटंसं स्वयंपाकघर साधारण १०,००० घरांत बसलं. तिकडे स्लायडर नव्हता, तरी विचार तोच.

याच्या बरोब्बर उलट टोक म्हणजे श्टुटगार्ट विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ साली श्वेबिश ग्म्युंडला बांधलेला प्रदर्शनाचा हॉल. बीच प्लायच्या २४३ प्लेट, प्रत्येक वेगळी, रोबोटने कापलेली, कडांना एकमेकांत अडकणारे दाते. ते बघून कुणालाही वाटेल की आता कपाट पण असंच करू. पण तिथे आकारच घुमटासारखा वळलेला होता, प्लेट वेगळ्या असणं ही गरज होती. कपाटाला ती गरज नाही. शिवाय कपाट लोक हलवतात, घर बदलतात, दार मोडतं, एक पार्ट नव्याने लागतो, हॉलचं तसं नसतं.

नेस्टिंगचं पण बोलायला हवं, कारण पैसा तिथे जातो. सगळे पार्ट शीटवर कमीत कमी जागेत बसवणं हा प्रश्न गणितात अवघड मानला जातो, मोठ्या कामात एकदम बेस्ट उत्तर शोधायला कम्प्युटरलाही परवडत नाही, म्हणून सॉफ्टवेअर चांगल्यापैकी उत्तरावर थांबतं. त्यात वरचा व्हीनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर रेषांची दिशा सांभाळायची, म्हणजे पार्ट आडवा फिरवता येत नाही. पण खरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या आधीच ठरते. शीट २४४० बाय १२२० ची. कपाटाची खोली ६०० धरली आणि रेषा उभ्या हव्यात, तर रुंदीत दोन फळ्या बसतात, बिटचे ६ मिमी जाऊन वर १४ मिमी कडेच्या सफाईला उरतात. तीच खोली ६१० केली तर दोन फळ्यांचेच १२२० झाले, बिटला जागाच नाही, एकच फळी बसते. १० मिमीसाठी जवळपास दुप्पट शीट! म्हणून नेस्टिंग शेवटी लावायची पद्धत मला पटत नाही, स्लायडर हलवतानाच बाजूला शीटचा आकडा हलताना दिसला पाहिजे. आणि ज्या देशात २५०० बाय १२५० ची शीट मिळते तिथे हेच गणित बदलतं, ६१० आरामात बसतं. विकीहाऊससारखे, प्लायमधून कापून उभारायच्या घरांवर काम करणारे लोक २०११ पासून कापायच्या फाइली सगळ्यांसाठी खुल्या ठेवतायत, छानच आहे, पण फाइलमधे नुसत्या रेषा असतील तर दुसरीकडच्या मालावर ती तशीच चालत नाही, रेषांमागचे नियम पण सोबत जायला हवेत.

आता इंटिरिअर, इथेच सगळ्यात जास्त घोळ. भिंत ओळंब्यात नसते, कोपरा गुण्यात नसतो, फरशी एका बाजूला उतरलेली असते. हल्ली स्कॅनर फिरवला की भिंतीची सगळी वळणं कम्प्युटरमधे येतात आणि मग मोह होतो की प्रत्येक कपाट त्या वळणाप्रमाणे थोडं थोडं तिरकं करू, स्क्रिप्टला काय कष्ट. करू नका. सगळी कपाटं काटकोनात, मापं ठरलेली, आणि भिंतीचा सगळा वाकडेपणा एका फिलर पट्टीत गोळा करायचा. पट्टी ३० ते ५० मिमीची, तिची एक कड सरळ, दुसरी स्कॅनप्रमाणे कापलेली. कपाटांची एकूण रुंदी काढताना वर, मधे, खाली मोजून सगळ्यात कमी माप धरायचं. खालचा उतार स्क्रूच्या पायांनी काढायचा. म्हणजे वेगळा पार्ट फक्त एक, तोही स्वस्तातला, घर बदललं तर टाकून द्यायचा आणि कपाटं सोबत न्यायची.

जिन्याखालची किंवा उतरत्या छताखालची जागा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वरच्या बाजू तिरक्या कापाव्याच लागतात. तरी रुंदी आणि भोकांची ओळ तीच ठेवा.

एक बारीक गोष्ट राहिली. स्क्रिप्टने प्रत्येक पार्टवर नंबर कोरायचा, पण जी बाजू आत दडणार तिथे, बहुतेक मागच्या फळीच्या खाचेत जागा सापडते. नुसता डावा-उजवा लिहू नका, कुणाच्या बाजूने डावा यावर भांडणं होतात, त्यापेक्षा नंबरासोबत पुढच्या कडेकडे दाखवणारा छोटा बाण द्या. आणि त्याच खाचेत कापताना धरलेली प्लायची जाडी पण कोरून ठेवा, नंतर एखादा पार्ट परत कापायची वेळ आली तर आधी तीच लागते.