काळी गाडी, कमी हात: कामाची पुढची नोंद

काम कुठवर आलंय ते आधी. बोनेट पॉलिश होऊन संपलं, बाकीचे पॅनल क्ले (रंगात रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) मारून तयार आहेत, आतलं काम जवळजवळ आटोपलं, हेडलाइट अजून हातात घेतलेले नाहीत. गाडी जुनी आहे, रंग प्लेन काळा, मेटॅलिकचा एक कणही नाही. म्हणजे लपायला जागाच नाही. उन्हात बोनेटकडे तिरकं पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसायचे, तेच ते स्वर्ल मार्क्स.

हे जाळं रस्त्यावर पडत नाही. ते धुताना आणि त्याहून जास्त पुसताना पडतं. म्हणून या गाडीवरचं सगळं काम मी एकाच तत्त्वावर बेतलंय: रंगाला हात जितका कमी लागेल तितकं बरं. शाम्पू कुठला, वॅक्स कुठलं, या चर्चा त्यानंतरच्या.

मुळात किती जाडीशी खेळतोय ते बघा. कंपनीतून येणारा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. प्रायमर आणि रंग धरून सगळा थर बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात, म्हणजे क्लिअर कोट केसाहूनही पातळ. शिवाय ऊन अडवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खरवडून नेतं आणि गेलेलं परत येत नाही. दर वर्षी हौसेनं कंपाउंड (जास्त खरवडणारं पॉलिश) मारून घेणारे लोक भेटले की मला गप्प बसवत नाही.

धुणं

चाकं आधी, तीही थंड झाल्यावर. ब्रेकची धूळ म्हणजे धातूचे बारीक कण. चाकाचा ब्रश, बादली, फडकी सगळं वेगळं. त्यातलं काहीही पत्र्याला लागता कामा नये. मग गाडीवर नुसतं पाणी, खालून-वरून, चाकांच्या कमानीत जास्त वेळ. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर तरी लांब ठेवायचं. दगड लागून जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे आणि टायरच्या बाजूच्या भिंतीवर धार जवळून मारायची नाही. टवक्याच्या कडेतून पाणी शिरलं की रंग सोलायला लागतो.

त्यानंतर फोम, म्हणजे शाम्पूचा दाट फेस. फोमची खरी कामगिरी फोटोत दिसते त्यापेक्षा कमी आणि आपल्याला हवी त्यापेक्षा थोडी जास्त आहे. घट्ट बसलेला मळ तो काढत नाही, पण सुटी माती ओली करून खाली उतरवतो, आणि चरे पाडते ती हीच माती. काही मिनिटं राहू द्यायचा, वाळू द्यायचा नाही, धुवून टाकायचा. पत्रा हाताला गरम लागत असेल तर त्या वेळी धुवायला घ्यायचंच नाही. साबण वाळून डाग पडतात आणि काळ्यावर ते लांबून ओळखू येतात.

दोन बादल्यांची पद्धत इथे सगळ्यांना माहीत आहे: एकीत शाम्पू, दुसरीत मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मी त्यात एक बदल केलाय. दाराच्या खालच्या तिसऱ्या भागासाठी आणि मागच्या बंपरसाठी वेगळा मिट. सगळ्यात खरखरीत माती तिथे असते. टपापासून सुरुवात, खाली येत जायचं, मिटवर दाब शून्य, हात सरळ रेषेत. सरळ रेषेत हात फिरवला म्हणून चरे पडत नाहीत असं नाही. पडलेच तर गोल चऱ्यांइतके डोळ्यात भरत नाहीत, एवढंच. भांड्यांचा साबण नको. तो वॅक्स घेऊन जातो आणि रबराला कोरडं करतो.

शेवटी होसचं नोझल काढून नुसत्या धारेनं पाणी सोडलं की पाण्याची चादर बनून बरंचसं आपोआप ओघळतं. उरलेलं ब्लोअरनं. आरशांच्या खाचा, दारांच्या मुठी, नंबर प्लेटच्या मागे. त्यानंतरच मोठा जाड टॉवेल, तोही पसरून टेकवायचा, घासायचा नाही. गुळगुळीत शॅमॉय (पुसायचं मऊ कातडं) मी सोडून दिलं, कारण राहिलेला एखादा कण आत ओढून घ्यायला त्याला लव नसते. तो कण मग पत्रा आणि कातडं यांच्यामध्ये फिरत राहतो.

आणि कोरड्या गाडीवरून फडका मारून धूळ झटकणं? तो विषय माझ्यापुरता बंद आहे. धूळ फारशी नसेल आणि पाणी जपायचं असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी मारावं न लागणारं धुणं. बादलीभर पाणी, त्यातले पॉलिमर कणांभोवती वंगण धरतात, प्रत्येक पॅनलला फडक्याची नवी घडी. चिखलाच्या गाडीला मात्र हे चालत नाही.

पाण्याच्या डागांचं थोडं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वाळून मागे राहतं. ताजा डाग पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं जातो, मग लगेच भरपूर पाणी. मुरलेला डाग म्हणजे रंगात पडलेला खळगा, तो फक्त पॉलिशनं जातो आणि कधी तेवढ्यानंही नाही. शेवटचं पाणी क्षार काढलेलं वापरलं तर पुसायचीसुद्धा गरज उरत नाही. कमी हात लावायचं हे टोक मला फार आवडलंय.

फडक्यांची निगा हा याच कामाचा भाग धरा. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे चिरलेले धागे. फॅब्रिक सॉफ्टनरनं ते बुजतात आणि जास्त उष्णतेनं कडक होतात. सुती कपड्यांबरोबर धुतले तर लिंट (सुताचे बारीक तंतू) धरतात. कडेचं लेबल कापून टाका. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही, कितीही झटकलंत तरी.

लोखंड, डांबर, क्ले

धुतलेल्या, वाळलेल्या पत्र्यावरून पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. या गाडीची दारं वाळूच्या कागदाच्या भाऊबंदांतली निघाली. आधी आयर्न रिमूव्हर: त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाच्या कणांशी भिडलं की जांभळे ओघळ येतात. वास असा की शेजारी विचारायला येतात. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करा आणि द्रव वाळायच्या आत धुवा. मग डांबराच्या ठिपक्यांवर टार रिमूव्हर, फडक्यावर घेऊन. क्ले सगळ्यात शेवटी, म्हणजे तिच्यासाठी कमी काम उरतं. वंगण सढळ हातानं, दाब नाही, क्ले सारखी दुमडून नवी बाजू. क्ले खाली पडली की कचऱ्यात. तिथे काटकसर नको.

क्लेनं काळ्यावर बारीक धूसरपणा येतोच. पॉलिश करणार नसाल तर क्ले करायची का, याचा आधी विचार करा.

पॉलिश

बोनेटच्या मधोमध टेप लावून अर्धा भाग आधी तुलनेसाठी तसाच ठेवला आणि उरलेल्यावर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन चालवलं, ज्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरीपेक्षा हे हळू, पण एका जागी उष्णता साठवत नाही. सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशनं. काम झालं तर तिथेच थांबायचं, नाही झालं तर एकच पायरी वर. इथे फिनिशिंग पॉलिश आणि मधल्या जातीचं पॅड एवढ्यावर भागलं. प्रत्येक पट्ट्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसून घेतलं, कारण पॉलिशमधली तेलं चरे बुजवून आपल्याला खूश करतात आणि दोन धुण्यांनंतर खरं रूप दाखवतात. तपासायला एकच प्रखर टॉर्च, बाकी दिवे बंद.

पॅनलच्या कडा आणि बोनेटवरच्या उठावदार रेघा टेपखाली झाकल्या. तिथे रंग आधीच पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर वापराच. मात्र ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय हे नाही. एखादा आकडा शेजारच्या पॅनलच्या दुप्पट आला तर तो पत्रा पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी.

जाळं गेलं. चार-पाच खोल रेघा मी मुद्दाम ठेवल्यात. नख अडकणारी रेघ पॉलिशच्या आवाक्याबाहेरची; ती मिटवायला जेवढा क्लिअर कोट खर्च होईल तेवढा माझ्याकडे नाही. परिपूर्ण बोनेट दोन वर्षं मिरवण्यापेक्षा बरं बोनेट दहा वर्षं चाललेलं मला परवडतं.

वर सध्या साधा सिंथेटिक सीलंट, म्हणजे रंग जपणारा वरचा थर. कार्नाउबाची चमक काळ्यावर सुंदर दिसते, पण ते ताडाच्या पानावरचं मेण आहे, उन्हात फार टिकत नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे त्याहून टिकाऊ थर, सगळे पॅनल झाल्यावर. ‘९एच’ या कोटिंगच्या जाहिरातीतल्या आकड्यावर भाळू नका. ती पेन्सिलींच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, खनिजांची नाही, आणि कोटिंग लावलं म्हणून घाणेरड्या फडक्यानं चरे पडायचे थांबत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा कोटिंगवरही बसते. उन्हात ती रंगात मुरण्याआधी ओला फडका टेकवून मऊ करा, मग उचला. मॅट रंगाची गाडी असेल तर वरचा हा सगळा भाग सोडून द्या. मॅटला पॉलिश नाही, चमकवणारं वॅक्सही नाही.

आत

आत चऱ्यांपेक्षा सुरक्षेचा प्रश्न मोठा. व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश आधी, ओलं काम मागाहून. डॅशबोर्डसाठी पातळ केलेलं क्लीनर फडक्यावर मारायचं, थेट बटणांवर आणि स्क्रीनवर कधीच नाही. स्क्रीनला अमोनियाचं काचेचं क्लीनर नको, वरचा चकाकीरोधक थर जातो. नुसतं ओलसर मायक्रोफायबर पुरतं.

सीटा भिजवू नका. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते आणि पुढच्या प्रवासी सीटखाली माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर. फोम क्लीनर, ब्रश, लगेच ओलावा शोषून घ्यायचा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून, क्लिपनं अडकवून, कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुतला आणि पूर्ण वाळेपर्यंत आत जाऊ दिला नाही. ब्लीच आणि जहाल सॉल्व्हंट त्याच्या विणीला कमकुवत करतात, आणि पट्टा किती कमजोर झालाय हे वरून दिसत नाही.

स्टीअरिंग, पेडल, गिअरची मूठ यांना चमक देणारं सिलिकॉन लावायचं नाही, घसरतं. टायरला लावायचं तर बाजूच्या भिंतीवर. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर नाही. डॅशबोर्डही मी मॅटच ठेवतो, नाहीतर पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं.

चामड्याबद्दल जुन्या सवयी सोडा. आजच्या बहुतेक गाड्यांतल्या चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे तेल आत ‘मुरत’ नाही, वर चिकटून बसतं आणि धूळ ओढतं. सौम्य क्लीनर, मऊ ब्रश, पुसून कोरडं. या गाडीच्या ड्रायव्हर सीटवरचा निळसर पट्टा जीन्सच्या रंगाचा होता, दोन हलक्या फेऱ्यांत गेला.

एसीचा कुबट वास सुगंधी बाटलीनं दबतो, जात नाही. केबिन फिल्टर बदलला, काचेखालच्या जाळीतली पानं आणि पाणी वाहून जायची छिद्रं मोकळी केली. आता उतरण्याआधी थोडा वेळ एसी बंद, पंखा चालू, म्हणजे इव्हॅपोरेटर (एसीचा हवा गार करणारा भाग) ओला राहत नाही. फरक पडलाय.

काचेसाठी एक युक्ती: आतून पुसताना हात उभा, बाहेरून आडवा. राहिलेली रेघ कुठल्या बाजूची आहे ते लगेच कळतं. आतला तो तेलकट धूसर थर बराचसा प्लास्टिकमधून सुटणाऱ्या वाफेचा असतो. दारं बंद ठेवलेल्या गाडीत जास्त धरतो.

रसायनं आणि पाणी, थोडक्यात पण गंभीरपणे

काही स्वस्त, झटपट चाक उजळणाऱ्या द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते त्वचेतून आत जातं, वेदना उशिरा सुरू होते, तोवर इजा झालेली असते. माझ्या कपाटात त्याला जागा नाही. ब्लीच कुठल्याही आम्लात किंवा अमोनियात मिसळायचं नाही, दोन्ही मिश्रणांतून विषारी वायू निघतो. पातळ केलेल्या प्रत्येक बाटलीवर नाव लिहा आणि पाण्या-सरबताच्या बाटलीत काहीही ओतू नका. इंजिन बे ओल्या फडक्यानं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलींच्या आसपास मी जात नाही. आणि धुऊन झाल्यावर गाडी लावून ठेवण्याआधी हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क वाळतात.

पुढे

दारं आणि टप याच पॅड-पॉलिशवर करायचे आहेत. टपावर क्लिअर कोट कमी असण्याची शंका आहे, त्यामुळे तिथे आधी मोजणार. हेडलाइटचा पिवळेपणा पॉलिकार्बोनेटवरचा ऊन अडवणारा थर संपल्यामुळे आलाय. उजव्याला १००० नंबरपासून ३००० पर्यंत (नंबर मोठा तितका कागद बारीक) ओला सँडपेपर, मग पॉलिश आणि वर नवीन यूव्ही कोट. तो कोट न लावता नुसतं पॉलिश केलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळा. डाव्याच्या आतल्या बाजूला धुरकट थर आणि बारीक भेगांचं जाळं आहे, तिथे बाहेरून घासून उपयोग नाही. तो बदलावाच लागेल असं दिसतंय, आणि नव्या दिव्याशेजारी जुना कितपत जुळेल हे बघूनच उजव्याला हात लावणार.