तुम्ही विचारलंत म्हणून: गराजमधले १६० यार्ड

"पडद्यावर दिसतो तेवढा बॉल खरंच जातो का रे?" गणपतीच्या आरतीनंतर कुणीतरी हे विचारतंच. विचारताना चेहऱ्यावर हसू असतं, कारण तळ्याची गोष्ट आधीच कानावर गेलेली असते. माझ्या गराजमध्ये गोल्फचा सिम्युलेटर आहे: बॉल पडद्यावर मारायचा आणि तो मोकळ्या मैदानात किती लांब गेला असता, ते यंत्र सांगतं. तर एकदाचं सगळं लिहून टाकतो.

मी खोटं बोलत नव्हतो. पडद्यावर सेव्हन आयर्नला (आयर्न म्हणजे लोखंडी टोकाचा क्लब; नंबर जितका मोठा, तितका बॉल कमी लांब जातो) १६० यार्ड दिसायचे, म्हणून मी १६० सांगायचो. मिशिगनच्या हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ असताना गराजमध्ये तेवढा एकच आकडा ऊब देणारा होता.

आता तो आकडा यायचा कुठून, ते सांगतो. माझं यंत्र रडारवालं. ते बॉलच्या मागे सात-आठ फुटांवर ठेवायचं आणि पुढे आठ फुटांवर पडदा. माझा सेव्हन आयर्नचा बॉल ताशी १०८ मैलांनी सुटतो, म्हणजे ते आठ फूट सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात. मिनिटाला साडेसहा हजार फेरे धरले, तरी तेवढ्यात बॉल जेमतेम पाच-सहा गिरक्या घेतो. एवढं बघून रडारला पुढची दीडशे यार्डांची भरारी सांगायची असते. बॉलचं हे फिरणं, म्हणजे स्पिन, नीट दिसलं नाही की ते यंत्र गप्प बसत नाही, अंदाज ठोकतं. ढोबळ हिशेब असा की आयर्नचा जो नंबर, तितके हजार फेरे. पीजीए टूरवाल्यांची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंची, सेव्हन आयर्नची सरासरी सात हजारांच्या आसपास आहे आणि कॅरी, म्हणजे बॉल पडेपर्यंत हवेत कापतो ते अंतर, पावणेदोनशे यार्डांच्या आसपास. माझ्या पडद्यावर स्पिन यायचा ४,१००. एवढ्या कमी स्पिनचा बॉल पडल्यावर थांबत नाही, पळत सुटतो. ते पळणंही मी माझ्या खात्यात जमा करत होतो. कॅरीचा आकडा शेजारच्याच चौकटीत होता. मी बघायचो नाही.

आणि हेही सांगायला हवं, सॉफ्टवेअरमध्ये बॉलचा वेग वाढवून दाखवायची सोय होती. मी ४ टक्के लावले होते. गराजमध्ये बॉल गारठतो, गारठलेला बॉल कमी उसळतो, हे खरंच आहे. पण मार्चमध्ये हीटर बसवला, त्यानंतरही ते ४ टक्के तसेच राहिले. विसरलो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे.

आता तळं. ऑफिसची आउटिंग, मेचा दुसरा आठवडा, पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल. झेंडा १४८ यार्डांवर आणि मध्ये पाणी. पाणी ओलांडायला १३८ हवेत. माझ्या गराजच्या हिशेबाने सेव्हन म्हणजे १६०, म्हणून मी ऐटीत एट काढला. बरोबर तिघं, त्यातला एक हिवाळाभर माझ्याच गराजमध्ये फुकट खेळलेला. स्विंग असा बसला की हाताला काही जाणवलंच नाही. बॉल सरळ, उंच, झेंड्याच्या रोखाने. मी क्लब खाली ठेवून टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, उचलायला वाकलोसुद्धा. मग डुबुक. काठापासून चांगला चार-पाच यार्ड अलीकडे.

वाईट फटका पाण्यात गेला तर माणूस स्वतःला दोन शिव्या घालून मोकळा होतो. हा चांगला होता. तक्रार कुणाकडे करणार?

दंड घेऊन पाण्याच्या अलीकडे, गवतावर दुसरा बॉल ठेवला. आता सेव्हन. क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला, तळहाताएवढं गवत उडालं आणि बॉल बेडकासारखा पाण्यात. हाच फटका गराजमधल्या मॅटवर, म्हणजे खोट्या गवताच्या चटईवर, मारला असता, तर क्लब घसरून बॉलखाली गेला असता आणि पडद्याने मला शंभर-सव्वाशे यार्ड दिले असते. पाच महिने मी हे असले फटके मारत होतो आणि मला पत्ता नव्हता. तिसरा सिक्सने मारला, तो ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, मागच्या झुडपात. फुकट खेळणारा म्हणाला, "घरी असतास तर पोचला असता." हेच वाक्य नंतर तुमच्यापर्यंत पोचलं.

त्यानंतर बॉलवर लावायचे चंदेरी ठिपके आणले. रडारला फिरणारा ठिपका दिसतो आणि स्पिन मोजता येतो. आई तेव्हा सांगलीहून आलेली. मी नखाने ठिपका दाबून बसवताना बघून म्हणाली, "बॉलला टिकली लावतोयस?" टिकली लावली, वाढवलेला वेग शून्यावर आणला. स्पिन ६,०००, कॅरी १४३. पुन्हा मारला, १४१. पुन्हा, १४३. मग मी काय केलं असेल? टिकली खरवडून काढली आणि एक मारून बघितला.

"मग तेव्हाच मान्य का नाही केलंस?" तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यावर मीही चिडतो. पण तो अगदीच मूर्ख नव्हता. त्या खोट्या १६०च्या जोरावर तो जानेवारीत रोज रात्री गराजमध्ये जायचा. १४३ बघून गेला असता की नाही, शंका आहे. हे समर्थन आहे, कळतंय मला.

म्हणून उत्तर हे: टिकली लावली, पडद्यापर्यंत पुरेसं अंतर दिलं आणि फक्त कॅरी बघितली, तर आयर्नचे आकडे बरेच जवळपास येतात. जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचं, वेजचं, सांगत नाही, तिथे स्वस्तातला टू-पीस, म्हणजे गाभा आणि एकच आवरण असलेला बॉल वापरला तर स्पिन खरंच कमी पडतो आणि दोष यंत्राला जातो. मॅटचं तर काहीच करता येत नाही.

थंडीचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. यंदा डझनभर बॉल रात्री घरात, हीटच्या जाळीपाशी टोपलीत ठेवतो आणि डझनभर गराजमध्ये. आलटून पालटून मारतो. फरक ताशी मैल-दोन मैल येतो, कधी येतच नाही, कधी उलटाच येतो. काल बायकोने टोपली उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, "किती दिवस उबवणार आहेस?"