चॅटबॉटला कारण सांगावं लागतं

आजी वारली म्हणून व्हँकुव्हरहून टोरांटोला निघालेल्या एकाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटला, घरात कुणी वारल्यावर मिळणाऱ्या सवलतीचं विचारलं. आधी तिकीट काढा, मग ९० दिवसांत सवलतीसाठी अर्ज करा, असं उत्तर मिळालं. नियमांत मात्र प्रवासानंतर सवलत नव्हतीच. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही, हा कंपनीचा पवित्रा फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या, ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेटाळला आणि सुमारे ८१२ डॉलर द्यायला लावले. वाईट बातमी आल्यावर रातोरात तिकीट शोधणं काय असतं, ते आम्हा परदेशातल्यांना चांगलंच ठाऊक आहे. तो निकाल माझ्या मनाला फार भिडला.

मी प्रवासी सेवेच्या चॅटबॉटसाठी सूचना लिहिते, म्हणजे त्याने ग्राहकांशी काय आणि कसं बोलायचं ते. आमच्याकडे एक ओळ होती: ‘परताव्याबद्दल बोलू नकोस.’ त्यामुळे बॉट भलतंच काही सांगून वेळ मारून न्यायचा. आमच्या लीडने ती खोडून लिहिलं:

‘परताव्याचं आश्वासन देऊ नकोस, कारण प्रत्येक तिकिटाचे नियम वेगळे असतात आणि ग्राहक तुझ्या शब्दावर पैसे खर्च करेल. खालच्या नियमांत उत्तर असेल तर ते सांग, त्या पानाची लिंक दे. नसेल तर माहिती नाही असं स्पष्ट सांग आणि आमच्या माणसाशी जोडून दे.’

एवढ्या मजकुरावर तिने अख्खी दुपार घालवली, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. ‘कारण’ कळल्यामुळे, आम्ही जिथे काही लिहिलंच नव्हतं त्या हॉटेल रद्द करण्याच्या प्रश्नांवरही बॉट जपून बोलू लागला. बाकी शिस्त सोपी आहे: भूमिका, नियम, माहिती वेगवेगळ्या शीर्षकांखाली. वर ‘थोडक्यात सांग’ आणि खाली ‘सगळ्या अटी सांग’ असं असेल, तर तो कधी हे पाळतो, कधी ते.

पुण्यात माणसांना इतकं लिहून द्यावं लागत नव्हतं. ‘तेवढं बघून घे’ म्हटलं की समोरचा बरोबर ओळखायचा. ही आपल्या लोकांची हुशारी आहे. तिला इथे कुणी गबाळेपणा म्हटलं की माझं डोकं फिरतं. फक्त नवीन आलेल्याचे महिनेच्या महिने ओळखण्यात जायचे, आणि अंदाज चुकला की बोलणीही त्यानेच खायची.

आई विचारते, हे लिहायला एवढ्या लांब कशाला? तिचं खरं आहे, पुण्यातही हे काम उत्तम करणारे आहेत. पण एकेका वाक्यावर वाद घालायला वेळ देणारी टीम मला तिथे मिळाली नाही. मिळाली असती, तर परत यायचा विचार मी नक्की केला असता.