ओली पावलं

दुपारी पाय धुऊन बाथरूममधून बाहेर आलो, चार पावलं चाललो आणि चष्मा बेसिनवरच राहिल्याचं आठवलं. वळलो तर शहाबादीवर माझीच पावलं. एप्रिलची दुपार. बघता बघता टाचेच्या कडा आत सरकल्या, मधली बारीक पट्टी तुटली, चवडा टाचेपासून सुटला. शेवटी अंगठ्याचा तेवढा ठिपका उरला, मग तोही गेला. चष्म्याशिवाय एवढं दिसलं, म्हणजे चांगलाच वाकून बघत असणार. घरात कोणी नव्हतं ते बरं.

वाईला लहानपणी आम्ही याच्या शर्यती लावायचो. धोम धरणातून पाणी सोडलेलं असलं तर कृष्णेत डुंबायचं, नसलं तर गुडघाभर पाण्यात लोळायचं आणि बाहेर आलं की घाटाच्या तापलेल्या दगडांवर प्रत्येकाने एकच पाऊल उमटवायचं. ज्याचं शेवटी वाळेल तो जिंकला. नियम कडक. पाऊल दाबून धरायचं नाही, चड्डीचं पाणी ठशावर गळू द्यायचं नाही. जिंकायचा मात्र नेहमी आमचा चुलतभाऊ, दादा. त्याचे तळवे सपाट, ठसा म्हणजे पोळपाटच. त्यात पाणी जास्त मावतं, असं आमचं ठरून गेलं होतं. पुढे याच तळव्यांपायी सैन्यभरतीत त्याला पहिल्याच दिवशी बाजूला काढलं.

ते पाणी जातं कुठे, हा प्रश्न घाटावर कुणालाच पडला नाही. तो परीक्षेत पडला. जलचक्राची आकृती काढा. दोन डोंगरांच्या मधे सूर्य, डावीकडे समुद्र, वर जाणारे बाण, ढग, पाऊस, इथवर माझं सगळं वर्गासारखंच होतं. नदी मात्र मी डोंगराच्या उजवीकडे उतरवली आणि तिच्या टोकाशी आणखी एक समुद्र काढला. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. “चक्र आहे ना? मग परत तिथेच यायला नको?” अर्धा गुण गेला.

तो मी अजून विसरलेलो नाही. आमची कृष्णा मुळी तशीच जाते! महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटरवर उगम पावते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पाऊस एका समुद्राचा, नदी दुसऱ्याची. तो पाऊस तरी आम्हाला कुठे धड मिळायचा? महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर आम्ही छत्री काखेत धरून कोरडे. पसरणीच्या घाटावर काळंभोर व्हायचं, आजी अंगणातून वर बघत म्हणायची, “वरच सांडतोय मेला.” आमच्या वाट्याचा पाऊस यायचा तो नदीतून, गढूळ होऊन.

हवेत गेलेलं पाणी सरासरी आठ-नऊ दिवस वर राहतं, मग कुठेतरी उतरतं, हे पुष्कळ नंतर वाचलं. त्या हिशेबाने दादाचं पाऊल पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं असेल आणि त्या बाईने आभाळाला शिव्या घातल्या असतील.

पण मग कोयना आठवते आणि माझी बाजू लंगडी पडते. तीही महाबळेश्वरचीच, कराडला कृष्णेला मिळणारी. तिचं बरंचसं पाणी मात्र धरणात अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरवतात. तिथे वीज तयार करून झाली की ते वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीने अरबी समुद्रात. जिथून आलं तिथेच! म्हणजे बाईंचंही बरोबर होतं. फक्त त्यांच्या आकृतीला १९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प लागतो, आणि तो त्यांनी फळ्यावर काढला नव्हता. पाव गुण तरी मला द्यायला हवा होता.

संध्याकाळी दादाला फोन केला. शर्यतीचं नाव काढताच तो हसत सुटला.

“अरे, मी दगड बघून उभा राहायचो. ज्याच्यावर आता पिंपळाची सावली येणार, तोच धरायचो. तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही कधी.”

“आणि तळवे?”

“तळव्यांचं काय,” तो म्हणाला, “ते नुसते भरतीत नडले.”