रात्री साडेबारा, नौपाडा आणि स्वीडनचं गाणं

२०२३ चा मार्च, शनिवार, रात्रीचे साडेबारा, नौपाड्यात सगळे गाढ झोपलेले आणि मी हेडफोन लावून स्वीडन युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, कोणतं गाणं पाठवतंय ते बघत बसलेलो, तिकडे तेव्हा जेमतेम आठ वाजलेले. मेलोडिफेस्टिवालेन म्हणतात या निवडस्पर्धेला, कित्येक आठवडे चालतं, फायनलला अर्धे पॉइंट परदेशी ज्युरींचे नि अर्धे पब्लिकचे, हे मला जाम आवडतं. गाणं मात्र तीन मिनिटांत संपवायचं, आपल्याकडे तेवढ्यात आलापही होत नाही! आई पाणी प्यायला उठली, स्पर्धेतल्या लॉरीन या गायिकेला बघून म्हणाली, "अरे, हिची नखं केवढी! भाकरी कशी थापत असेल?" आणि रिझल्ट लागेपर्यंत तिथेच उभी. लॉरीनच जिंकली, मग मे महिन्यात युरोव्हिजनही, २०१२ नंतर दुसऱ्यांदा.