उघडलंच आहे तर...

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी एक जुनी, गंजलेली गाडी पुन्हा उभी करत होते, आणि "झाली का गाडी?" या प्रश्नाला पाच वर्षं एकच उत्तर देत आले: "होत आलीये." येणारे-जाणारे विचारायचे, आई फोनवर विचारायची. अलीकडे प्रश्न बदललाय. ज्यांची स्वतःची एखादी जुनी गाडी घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर) चढवलेली आहे, चाकं एकीकडे आणि दरवाजे दुसरीकडे आहेत, अशी माणसं विचारतात, "पूर्ण झाली हे तुम्हाला कळलं कसं?" त्यांच्या आवाजात थोडी धाकधूक असते. मला ती ओळखीची आहे.

थोडक्यात उत्तर असं: कामांच्या वहीत उरलेल्या एकाही कामासाठी गाडी एका रविवारापेक्षा जास्त उभी ठेवावी लागणार नसेल, तर गाडी झाली. वहीत तेव्हाही पन्नास कामं असू शकतात. पुढे कधी क्लच जाईल आणि गाडी आठवडाभर उभी राहील, पण ती दुरुस्ती. तशी तर नव्या गाडीलाही लागते.

एवढं साधं उत्तर सापडायला मला चौदा महिने जास्त लागले. ते कसे, ते सांगते.

माझी गाडी १९५९ ची मॉरिस मायनर १०००. आणली तेव्हा इंजिन जॅम होतं. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, ज्या पत्र्याला टांगलेले असतात तो पत्रा बोटानं दाबला तरी आत जायचा आणि दरवाज्यांखालच्या पेट्या निव्वळ पुट्टीच्या जिवावर उभ्या होत्या. पत्र्याचं काम दीड वर्ष चाललं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. गंज कापायचा, नवा पत्रा जोडायचा, की शेजारी आणखी गंज सापडतो. त्या काळात 'कधी संपणार' हे मनातही येत नाही, कारण समोर भोक दिसत असतं. संपण्याचा प्रश्न छळायला लागतो तो गाडी चालायला लागल्यावर.

माझी तिसऱ्या वर्षी चालायला लागली. ब्रेक चारही चाकांना सारखे लागत होते, स्टिअरिंग सरळ होतं, डायनॅमो बॅटरी चार्ज करत होता. फक्त रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून तेलाचे चार-पाच थेंब फरशीवर पडलेले असायचे. ते मला खटकायला लागलं. एवढी मेहनत केली आणि आता खाली पुठ्ठा अंथरायचा? मी इंजिन उतरवलं.

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाचा घात एकाच वाक्यानं होतो: "उघडलंच आहे तर..." इंजिन उतरवलंच आहे तर क्लच प्लेट बदलून घेऊ. बोनेटखाली एवढी मोकळी जागा पुन्हा कधी मिळणार, तर रंगही मारून घेऊ. रंग मारायचा तर वायरिंग काढायला हवं. वायरिंग काढलंच आहे तर जुन्या पद्धतीच्या कापडी वेष्टनाचं नवं घालू. ते डॅशबोर्डच्या मागे जातं, म्हणजे डॅशबोर्ड सोडवणं आलं. असे चौदा महिने गेले. धडधाकट चालणारी गाडी मी माझ्या हातानं बंद पाडली होती आणि वर सगळ्यांना सांगत होते, काम जोरात चालू आहे.

शेवटी इंजिन परत चढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तेलाचे तीन थेंब.

तेव्हा कुठे मी बसून नीट वाचलं. या गाडीत जे ए-सिरीज इंजिन आहे, त्याच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाहीच. तिथे आट्यांसारखी एक खाच कोरलेली आहे. शाफ्ट फिरतो तशी ती तेलाला परत आत ढकलते. इंजिन बंद झालं की ढकलणारं कुणी उरत नाही, मग थोडं तेल पाझरतं. ज्यांनी हे इंजिन बनवलं त्यांनी ते पाझरणं चालवून घेतलं होतं. मी मात्र त्यांच्यावर ताण करायला निघाले होते.

'कारखान्यातून निघाली तशी' हे आम्हा लोकांचं आवडतं ध्येय. ऐकायला पक्कं वाटतं. पण मायनरचा कारखान्यातला इतिहास बघा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ती आखली, नमुना तयार झाला, आणि १९४८ मध्ये गाडी लोकांसमोर यायच्या थोडं आधी त्यांना वाटलं, ही अरुंद दिसतेय. त्यांनी नमुना लांबीच्या दिशेनं मधोमध कापायला लावला, दोन्ही अर्धे एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंचांवर थांबले. बोनेटच्या मधून जी पसरट पट्टी जाते, ती त्या चार इंचांची. बंपर तोवर बनून पडलेले होते, म्हणून पहिल्या गाड्यांचे बंपर मधोमध कापून तुकडा जोडलेले आहेत. पुढे हेडलाइट जाळीतून उठून मडगार्डवर गेले. इंजिन आधी ९१८ सीसीचं, मग ८०३ चं, मग माझ्या गाडीतलं ९४८ चं, १९६२ पासून १०९८ चं. ज्यांनी ही गाडी जन्माला घातली, तेच तिला वर्षानुवर्षं हात लावत राहिले. यातली कुठली सकाळ मूळ धरायची?

आणि तिथवर पोहोचून थांबतं कोण! माझ्या गाडीच्या दरवाज्यांच्या फटी आज कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही मायनरपेक्षा सारख्या आहेत, अशी मला दाट शंका आहे. त्याचा मला अभिमान वाटायचा. आता थोडी लाज वाटते.

जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांनी यावर आपल्या आधी विचार करून ठेवलाय. १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक कलम आहे: जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. 'फिवा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं पुढे वाहनांसाठी ट्युरिन सनद केली, तिचं मूळ याच विचारात आहे. मी सनदा वाचून गाडीचं काम करत नाही, पण हे एक कलम मला अगदी पान्यासारखं हाताशी लागलं. डॅशबोर्डखाली आधीच्या कुणा मालकानं स्वतः बनवलेला एक लाकडी कप्पा होता, जरा वाकडाच. 'मूळ नाही' म्हणून मी तो काढला. मागे चार भोकं निघाली. ती कशाची, कुणी पाडलेली, तिथे काय लावायचं, काही पत्ता लागेना. अंदाजानं काहीतरी बसवण्यापेक्षा मी कप्पाच परत लावला. चष्मा ठेवायला बरा पडतो.

२०२४ मध्ये अमेरिकेत पेबल बीचला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळ्यात मोठा मान १९३४ च्या एका बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. ती गाडी रंगवून नवी केलेली नव्हती, काळानं ठेवली तशीच उभी होती, आणि अशा गाडीला तिथे तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. माझी मायनर त्या पंक्तीत कधीच बसणार नाही. तरी ती बातमी वाचून मी स्टिअरिंगला नवा रंग द्यायचा बेत सोडून दिला. एका बाजूला कुणाच्या तरी हातानं ते झिजून गुळगुळीत झालंय, तसंच आहे.

आता हे वाचून कुणी आळसाला तत्त्वज्ञान म्हणेल, म्हणून सांगते. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची नळी, वायरिंग, दिवे यांत रविवार-बिविवार काही नाही. तिथे 'चालतंय की' म्हणायचं नाही. मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोकळीत बसवलेला असतो आणि त्याचे बोल्ट काढताना टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकाला स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आडवा येतो. या अडचणीमुळेच लोक तो 'पुढच्या वेळी बघू' म्हणून सोडतात. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या आट्यांच्या सांध्यांना, म्हणजे ट्रनियनना, वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक दुमडून गाडी रस्त्यावर बसते. अशी कामं राहिली असतील तर रंग कितीही चकचकीत असो, गाडी झालेली नाही.

आणि पहिले हजार किलोमीटर मोजल्याशिवाय काहीच ठरवू नका. नव्यानं बांधलेल्या इंजिनाचं हेड पुन्हा आवळावं लागतं, टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट पुन्हा बारा थाउ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, करावी लागते, पहिलं तेल लवकर बदलावं लागतं. कुठे खडखड, कुठे पाणी. त्या हजार किलोमीटरांत माझ्या वहीत चाळीस नवी कामं चढली आणि मी पार खचले. मग बघितलं तर त्यातलं एकही दिवसभराच्या वर नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा शंका आली, की बाई, ही झाली की काय?

कबूल करायला दोन आठवडे गेले. का, ते सांगायला हवं. अर्धवट गाडीला कुणी नावं ठेवत नाही. "अजून काम चालू आहे" म्हटलं की वाकडा दरवाजाही माफ. एकदा 'झाली' म्हटलं, की जे दिसतंय ते तुमचं काम, तुमची हौस, तुमची चूक. शिवाय पाच वर्षं संध्याकाळी कुठे जायचं हे ठरलेलं होतं. हातात पाना, रेडिओ चालू, कुणी हाक मारायची नाही. ते सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. मला वाटतं इंजिन उतरवलं तेव्हाही तेलाचे थेंब हे निमित्तच होतं. आमच्या रंगाऱ्यानं ते माझ्याआधी ओळखलं होतं. पुढच्या उजव्या मडगार्डवर तिसऱ्यांदा हात मारायला सांगितलं, तेव्हा पॉलिशचं कापड खांद्यावर टाकून तो म्हणाला, "ताई, मडगार्डला काही झालेलं नाही."

सध्या वहीत अकरा कामं आहेत. सगळ्यात वर पेट्रोलचा काटा. टाकी गच्च भरली तरी तो अर्ध्यावरच थांबतो. टाकीवरचा सेंडर (काट्याला पेट्रोलची पातळी कळवणारा भाग) काढायचा, तपासायचा, नवं गॅस्केट घालून परत बसवायचा, दोन तासांचं काम. गेले चार रविवार ते तसंच राहिलंय, कारण चारही रविवारी गाडी घरी नव्हती. तोवर किलोमीटर लिहून ठेवते, त्यावरून पेट्रोल भरते.